कोऱ्या कागदावरचा पंच

मी आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. पिणारा असतो तर मला कुणी विचारलं नसतं, आणि म्हातारपणी हे लिहीत बसायची पाळी आली नसती.

स्वराज्य आलं आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, तेव्हा मी पनवेलला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा मी नगरकडचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. पनवेलात आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजून दहा-बारा घरं. स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. बाजारामागच्या एका लांबट भाड्याच्या खोलीत रविवारची उपासना व्हायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा मुंबईहून येत. एरवी आमच्यातले एक वडील उपासना चालवत. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला कारभारी. आमचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, आवाज खणखणीत, स्वभावानं भले. मुलांची रविवारची शाळा माझ्याकडे होती.

दारूबंदी आली तेव्हा आम्ही त्या खोलीत उपकारस्तुतीची प्रार्थना केली होती. गोऱ्यांच्या सरकारला जे जमलं नाही ते आपल्या सरकारनं केलं, असं मीच उभा राहून म्हणालो. माझे आजोबा दारूपायी गेले होते. ते शब्द मी मनापासून म्हणालो होतो आणि आजही त्यांची लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टींची.

एके दिवशी मधल्या सुट्टीत फौजदार स्वतः शाळेत आले. उंच, गोरेपान, बोलायला फार गोड. पोलिसांनी धाड घातली की दोन पंच लागतात. म्हणजे गावातली दोन प्रतिष्ठित माणसं, ज्यांच्या डोळ्यांदेखत माल सापडला आणि ज्यांनी तसं लिहून सही केली. पंच नसले तर कोर्टात खटला टिकत नाही.

"मास्तर," फौजदार म्हणाले, "गावात पंच पैशाला पासरी मिळतात, पण कोर्टात उभे राहिले की ततपप होतं. तुम्ही ख्रिस्ती माणूस, निर्व्यसनी, त्यात मुलांचे गुरुजी. तुमच्या शब्दावर कोण शंका घेईल?"

मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू? आमच्या आजोबांना पाटलाच्या ओट्यावर चढायची सोय नव्हती, आणि इथं फौजदार माझ्या वर्गात मुलांच्या बाकावर बसून माझी विनवणी करत होता.

पहिल्या धाडीला मी खरोखर गेलो. खाडीच्या कडेला गुडघाभर चिखल, तिवरांची झुडपं, त्यात लपवलेली भट्टी. सडलेल्या गुळाचा आणि नवसागराचा वास नाकात बसला तो दोन दिवस गेला नाही. हवालदारानं पंचनाम्यात दोन मडकी लिहिली. मी म्हणालो, मडकं एकच आहे. फौजदार हसले, म्हणाले, "खोडा ते दोन. मास्तर म्हणतात तर एकच." माझ्यासमोर दोनाचा आकडा खोडून एक केला. त्या रविवारी मी मुलांना सत्याचा धडा शिकवला आणि त्यात त्या मडक्याची गोष्ट घातली. नाव घेतलं नाही, पण तो सत्यवादी कोण हे मुलांना कळेल अशी व्यवस्था केली होती.

दुसऱ्या धाडीला मी बांधावर उभा राहिलो, कारण धोतर धुवायला बायकोला त्रास होतो. तिसऱ्या खेपेला पोलीस ठाण्याच्या ओसरीवर बसलो. मडकी तिथंच आणून दाखवली. मग एकदा मडकीही दाखवली नाहीत. "मास्तर, फोडून टाकली, वास फार मारत होता," हवालदार म्हणाला. मी सही केली. त्यानंतर शाळेच्या मधल्या सुट्टीत शिपाई घडी घातलेला कागद घेऊन येऊ लागला. मी हजेरीपट खाली धरून त्यावर सही करायचो. आणि एक दिवस कागद उलगडला तर वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे काय?"

"साहेब बाहेरगावी निघालेत. तुमी फकस्त सही करा, बाकी आमी भरतो."

घंटा वाजली होती. मुलं आत येत होती. मी सही केली. एवढंच. पाप करताना ढग गडगडत नाहीत, शाळेची घंटा वाजते.

आमच्या चाळीत शेजारी एक इस्रायली, म्हणजे यहुदी, गृहस्थ राहायचे. कोकणातलेच, आमच्यासारखंच मराठी बोलणारे, कचेरीत कारकून. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटायची नाही. फौजदारांनी आधी त्यांनाही पंच व्हा म्हणून विचारलं होतं. ते एकदा गेले, आणि दुसऱ्यांदा ओसरीवर सही करायची वेळ आली तेव्हा कागद परत देऊन घरी आले. मला म्हणाले, "मास्तर, सही म्हणजे जबानी. बघितलं नाही त्याची जबानी कशी देणार? शास्त्र तुमचं-आमचं अर्धं तरी एकच आहे." मला त्यांचा राग आला. एवढासा कारकून आणि मला शास्त्र शिकवतो! चार-पाच वर्षांनी ते कुटुंबासकट बोटीत बसून इस्रायलला निघून गेले. जाताना मला हात जोडून नमस्कार करून गेले.

या काळात माझं गावातलं वजन वाढत गेलं. रॉकेलच्या रांगेत लोक मला पुढं करायचे. मी नको नको म्हणत पुढं जायचो. माझी चालसुद्धा बदलली, असं बायको म्हणायची. "अहो, तुम्ही हल्ली पोट पुढं काढून चालता," ती म्हणाली, आणि मी तिच्यावर ओरडलो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप भट्टीच्या प्रकरणात सापडला तेव्हा तिची आई माझ्या पाया पडायला आली. मी ठाण्यावर गेलो. फौजदारांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा कागद उचलला आणि माझ्यासमोर टरटर फाडला. "मास्तरांचा शब्द!" म्हणाले. माणूस अर्ध्या तासात घरी. मी रस्त्यानं येताना जमिनीवर नव्हतो. मुक्या माणसाला वाचा दिल्यासारखं, मेलेल्याला उठवल्यासारखं वाटत होतं मला, देव मला क्षमा करो.

खरं तर त्याच दिवशी मला घाम फुटायला हवा होता. माझ्या एका शब्दावर जो कागद फाटतो, तो कागद खरा कसा? आणि माझ्या शब्दावर माणूस सुटतो, तर माझ्या सहीवर माणूस अडकतही असणार. एवढी साधी त्रैराशिकाची आकडेमोड मी चौथीच्या पोरांकडून करून घ्यायचो. स्वतःची मात्र केली नाही.

मग माझी बदली निघाली. पार आत डोंगरातल्या एका गावी, जिथं एस्टी जात नव्हती. बायकोला सातवा महिना, आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. पनवेलला निदान दवाखाना होता. मी हुकूम खिशात घालून ठाण्यावर गेलो. आठ दिवसांत बदली रद्द. कशी, कुणाकडून, मी विचारलं नाही. फौजदार फक्त म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखी माणसं आम्ही गावाबाहेर कशी जाऊ देऊ?" बोलणं गोडच होतं. पण घरी येताना प्रथमच मला कळलं की मी गावात आहे तो कोंडलेला आहे. जाऊ देणार नाही हे शब्द मी पुन्हा पुन्हा मनात घोळवले. त्यांचा गोडवा कमी कमी होत गेला.

आता त्या बाईबद्दल सांगतो.

दर दोन दिवसांनी सकाळी आमच्या दारात खाडीकाठच्या गावची एक आगरी विधवा चिंबोऱ्या घेऊन यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत पाला, पाल्याखाली दोरीनं बांधलेले खेकडे. वयानं माझ्या बायकोपेक्षा दहा वर्षं मोठी. बायको तिला मावशी म्हणायची, मीही मावशी म्हणायचो. चार वर्षं ती आमच्या दारात येत होती. तिचा नवरा बुडून गेला होता, धाकटा भाऊ तिच्याजवळ राहून मिठागरात कामाला जायचा, एवढं आम्हाला ठाऊक होतं. भावाला तिनंच लहानाचा मोठा केला होता. त्याच्याबद्दल बोलायला लागली की तिची टोपली खाली राहायची आणि ऊन वर यायचं. तिचं नाव काय, हे आम्ही कधी विचारलं नाही. दारावर येणाऱ्या बाईचं नाव कोण विचारतो? आम्ही ख्रिस्ती, सर्व माणसं देवाची लेकरं म्हणणारे, आम्हीही विचारलं नाही.

बायको बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. मावशी मुलीला बघून गेली. आणि मग पंधरा-वीस दिवस ती आलीच नाही. "आजारी असेल हो," बायको म्हणाली. "कुणाकडून तरी चौकशी करा ना." मी हो म्हणालो आणि विसरलो.

त्याच सुमारास मला कोर्टाचं समन्स आलं. नेहमीचंच. बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होत, त्यामुळे साक्षीची वेळ क्वचित यायची. पण या खटल्यातला आरोपी कबूल होत नव्हता. समन्सावर एका बाईचं नाव होतं. मी ते नाव वाचलं, आणि मला त्यातून काहीही कळलं नाही.

कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात आमची मावशी उभी होती.

मला पाहिल्यावर तिचा चेहरा असा खुलला की मी मान खाली घातली. तिथल्या शिपायाला ती मोठ्यानं म्हणाली, "आमचे गुरुजी आले. आता खरं काय ते सांगतील."

सरकारी वकिलानं हकिकत सांगितली. अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता आरोपीच्या घरात, चुलीमागच्या कोनाड्यात, दारूनं भरलेलं मडकं सापडलं. आरोपी घरी नव्हती. भाऊ मिठागरात होता. घराला नुसती कडी होती. पंच म्हणून मी हजर. मी मनात दिवस मोजला. नऊ वाजता मी शाळेत प्रार्थना म्हणवून घेत होतो. हा तोच कोरा कागद होता, किंवा त्याच्यासारखा दुसरा. खाडीवरची मोठी भट्टी कुणाची हे अख्ख्या पनवेलला माहीत होतं, आणि त्या माणसाची फौजदारांबरोबर ऊठबस होती हेही. महिनाअखेर खटले दाखवायचे तर कुणाचं तरी घर लागतंच. कडी लावलेलं घर सोपं.

मॅजिस्ट्रेटनी बाईला विचारलं, त्या वेळी तू कुठं होतीस? ती म्हणाली, "सायेब, मी तवा गुरुजींच्या घरी व्हते, बाईला चिंबोऱ्या देत. आनि गुरुजी माज्या घरी व्हते, असा तुमचा कागुद बोलतो."

कोर्टात हशा पिकला. तीही हसली. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. आपली गंमत झाली एवढंच तिला वाटलं.

मग मला बोलावलं. कोर्टाच्या कपाटात शपथेसाठी आमच्या शास्त्राची एक काळ्या पुठ्ठ्याची प्रत होती. माझ्याशिवाय तिला कुणी हात लावायचं नाही, म्हणून पट्टेवाला तिला मास्तरांचं पुस्तक म्हणायचा. त्यानं फुंकर मारून धूळ उडवली आणि पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी हात ठेवला.

सही तुमची? होय. हे खरंच होतं.

मडकं आरोपीच्या घरातून तुमच्या डोळ्यांदेखत काढलं?

मी नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर हजार वेळा केला आहे. एका कागदाला नाही म्हटलं की माझ्या सहीचा प्रत्येक कागद खोटा. त्यावर शिक्षा भोगून आलेली माणसं होती. मग पिंजऱ्यात मी. नोकरी गेली, खोली गेली, मांडीवरची पोर उघड्यावर. ही कारणं मी बायकोला सांगितली, पाळकसाहेबांना सांगितली, देवालाही सांगितली. पण त्या क्षणी यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की मागच्या बाकांवर गावातली ओळखीची माणसं बसली आहेत, आणि मास्तर खोटारडे निघाले हे आता त्यांना कळणार. पोटासाठी खोटं बोललो असतो तर थोडी तरी दया आली असती माझी मलाच. मी अब्रूसाठी बोललो.

"होय," मी म्हणालो.

मावशीचं हसू गेलं. रागावली नाही, ओरडली नाही. ती विचारात पडल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. दुसरा पंच एक दुकानदार होता. त्याला काही आठवेना. मॅजिस्ट्रेटनी निकालात लिहिलं की धार्मिक वृत्तीच्या एका शिक्षकाच्या शपथेवरील साक्षीवर अविश्वास ठेवायला जागा नाही. तीन महिन्यांची सजा झाली. बाहेर फौजदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो.

घरी मी काहीच बोललो नाही, पण पनवेल तेव्हा केवढंसं! संध्याकाळपर्यंत बायकोला कळलं. तिनं मुलीला पाळण्यात ठेवलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही शाळेत होतात ना? मी तुमचा डबा मावशीसमोरच भरून दिला होता."

मी म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पान वाढलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. एका खोलीच्या बिऱ्हाडात, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर असून, ती मला सापडेना.

पुढच्याच रविवारी मुलांच्या धड्यात तो राजा आला ज्याला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा होता. शेजारी वडिलार्जित मळा द्यायला तयार होईना. मग राणीनं राजाच्या नावानं पत्रं लिहून, शिक्के मारून, दोन माणसं साक्षीला उभी केली आणि शेजाऱ्यावर आळ घातला. शेजारी दगडांनी मारला गेला, मळा राजाला मिळाला. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली होती. अधिकार माणसाला कसा नासवतो, सरकारं कशी बिघडतात, हे मी त्यातून मोठ्या तावातावानं समजावून द्यायचो. गोरा साहेब त्यात बसायचा, संस्थानिक बसायचे, हल्लीचे टोपीवाले पुढारी बसायचे. राजाच्या जागी बसवायला माणसं काय कमी असतात?

त्या दिवशी पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, ते दोन साक्षीदार होते त्यांचं पुढं काय झालं?"

शास्त्रात त्याचं उत्तर नाहीच. राजाला शिक्षा सांगितली आहे, राणीलाही. त्या दोघांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. ते आपले घरी गेले असतील, जेवले असतील. पण त्यांच्याशिवाय राजाचं काय चाललं असतं? राणीच्या पत्राला आणि शिक्क्याला धार आली ती त्यांच्या तोंडातून. सत्ता वर सिंहासनावर बसलेली असते असं आपण समजतो. मला तर ती मधल्या सुट्टीत घडी घातलेल्या कागदातून भेटायला आली होती, आणि तिनं माझ्याकडे मागितलं काय, तर माझा चांगुलपणा. वाईट माणसाची सही तिला काय कामाची?

आमच्यात प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीसाठी भाकर वाटून खायच्या उपासनेच्या, आदल्या संध्याकाळी तयारीची सभा होते. ज्याच्या मनात कुणाविषयी किल्मिष असेल, ज्याच्या हातून काही घडलं असेल, त्यानं उभं राहून मंडळीसमोर सांगावं आणि मग दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावावा, असा रिवाज. एरवी कोणी जावेशी भांडल्याचं सांगे, कोणी शेजाऱ्याला शिवी दिल्याचं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मी कोर्टात शास्त्रावर हात ठेवून..."

"पन्नासावं गीत!" मंडळीच्या वडिलांचा आवाज आला. खणखणीत. आणि त्यांनी स्वतःच सूर धरला. सगळ्यांनी गीतांची पुस्तकं उघडली. पेटीवाल्यानं भाता मारला. मी बोलत राहिलो तर माझं मलाच ऐकू येईना. त्या दहा-बारा घरांनी इतक्या जोरात कधी गायलं नसेल. फक्त माझ्या बायकोच्या मांडीवर पुस्तक मिटलेलं होतं.

सभेनंतर वडिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. "मास्तर, मला सगळं ठाऊक आहे. पण आपल्याला दफनभूमीची जागा मिळतेय. मागच्या वर्षी नर्सबाईंच्या आईला पुरायला आपण मुंबईपर्यंत नेलं, आठवतं ना? फौजदारांनी शब्द टाकलाय म्हणून मामलेदारांनी कागद पुढं सरकवलाय. तुम्ही आत्ता तोंड उघडलंत तर आपल्या मेलेल्यांना जागा नाही. देवाला आतल्या आत सांगा. तो ऐकतो."

दुसऱ्या दिवशी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. घेतली नाही तर सगळी मंडळी विचारणार, आणि सगळी मंडळी तर आधीच गाऊन बसलेली. मी तुकडा उचलला. बायकोनं ताट हात न लावता पुढं सरकवलं. कुणी तिला काही विचारलं नाही. त्याच वर्षी आम्हाला दफनभूमी मिळाली, चांगली, रस्त्याला लागून.

एवढं झाल्यावर तरी मी सही थांबवली का? थांबवली नाही. कागद येत राहिले. एकदा मी म्हणालो, आता दुसरा कोणी बघा. शिपाई हसला आणि कागद तसाच धरून उभा राहिला. मी वर्गात डांबून ठेवलेल्या गुरासारखा उभा होतो आणि मुलं पाढे म्हणत होती. पुढं फौजदारांचीच बदली झाली तेव्हा माझे कागद थांबले. माझ्यात काही धैर्य आलं म्हणून नाही.

पण त्याच्या आधीच मावशी सुटून आली होती.

सकाळची वेळ. मी शाळेला निघालो होतो. दारात टोपली. ती वाळली होती, केस पिकले होते. आता ही मला शिव्या देणार, असं वाटलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कुणीतरी एकदा द्यायलाच हव्या होत्या.

ती उंबऱ्याबाहेर बसली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्यावर माजा राग नाय. तेच सांगाया आले. तुमचं ऐकलं आनि माजे डोले उघडले. पोलिस खोटं बोलतील, कागुद खोटा बोलंल. पन गुरुजी शास्त्रावर हात ठेवून बोलतात म्हंजे मडकं व्हतंच. मंग ठेवलं कोनी? घरात मी आनि माजा भाऊस. सुटून आले त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढला. रडला, पाया पडला, आयेची आन घेतली. बोलला, ताय, मी नाय ठेवलं. मी बोलले, मंग काय गुरुजी खोटं बोलतात?"

"कुठं आहे तो?" मी विचारलं.

"मोऱ्याच्या बंदरात लाँचीवर चढला, मुंबईला गेला बोलतात. गोदीत शोधला लोकांनी, गावला नाय. जाऊ दे. बहिनीला तुरुंग दावला त्यानं."

मी खाली बसलो. मास्तर, टोपी घातलेला, तिच्यासमोर जमिनीवर. आणि मी सांगितलं. सगळं. कोरा कागद, शाळा, नऊ वाजता म्हणवून घेतलेली प्रार्थना. मी तुझ्या घरी कधीच गेलो नाही मावशी, तुझं घर कुठल्या बाजूला आहे हेही मला माहीत नाही. तुझ्या भावानं काही केलेलं नाही.

ती ऐकत होती. मधेच तिनं मान हलवायला सुरुवात केली. नाय, नाय. मग तिनं माझा हात धरला. चार वर्षांत तिनं आमच्या उंबऱ्याला हात लावला नव्हता.

"असं बोलू नका, गुरुजी. तुमी दयाल मानूस, माज्या भावाला घरी आनाया बोलताव. मला कलतं. पन असं नका बोलू. तुमी तवा खोटं बोलला असाल तर मी काय केलं? सोन्यासारखं पोर मी दारातून हाकलला. ते मला सोसायचं नाय. सांगा, तुमी खरंच बोलला व्हता. मडकं व्हतं. सांगा ना, गुरुजी."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. आत बायको उभी होती. पाळण्याची दोरी हलायची थांबली होती. खरं एकदा सांगून झालं होतं आणि ते घ्यायला समोर कोणी नव्हतं. पुन्हा सांगितलं तर ही बाई इथंच मोडून पडेल हे मला दिसत होतं; आणि नाही सांगितलं तर तो पोर जिथं असेल तिथं कायमचा गुन्हेगार राहणार होता. आमच्या उंबऱ्यावर फौजदार नव्हता, कोर्ट नव्हतं, बदलीचा हुकूम नव्हता.

"होय," मी म्हणालो. "मडकं होतं."